नाडी बहात्तर

रुग्ण: वय ६१, स्त्री, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त शिक्षिका, राहणार नाशिकरोड. वजन ६४ किलो. नऊ वर्षांपासून रक्तदाब, अधूनमधून धडधड. रोज सकाळी टेल्मिसार्टन ४० आणि मेटोप्रोलॉल ५०. दमा नाही, मधुमेह नाही. अ‍ॅलर्जीच्या रकान्यात एकच शब्द: पेनिसिलिन.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला बाईंची परवानगी आहे. "तुमची चूक पण लिहा, तरच लिहा," एवढीच त्यांची अट होती. गल्लीत सगळे त्यांना बाईच म्हणतात, मीही म्हणतो.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. बाई आणि त्यांचे यजमान (प्रेसमधून निवृत्त, इकडे 'प्रेस' म्हटलं की नोटांचीच) फ्लूची लस घ्यायला आले होते. दोघं माळकरी. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांची पालखी निघते तेव्हा सिन्नरपर्यंत तरी चालायचं, असं ठरलं होतं. आदल्या वर्षी वारीतून परतल्यावर काकांनी पंधरा दिवस खोकून घर डोक्यावर घेतलं होतं. लशीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून मीच त्यांना मे संपायच्या आत बोलावलं होतं.

सुई टोचण्याआधी काकांनी विचारलं, "डॉक्टर, यात अंडं असतं म्हणे?" प्रश्न माळेचा होता, अ‍ॅलर्जीचा नव्हता. मी खरं ते सांगितलं. बहुतेक फ्लूच्या लशींचा विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवतात, मग तो मारून, तोडून, गाळून घेतात. अंड्याचं प्रथिन उरतं ते एका डोसात साधारण एका मायक्रोग्रॅमहूनही कमी. काकांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "औषधाला चालतं. टोचा."

११ वाजता काकांना, ११ वाजून ५ मिनिटांनी बाईंना. अर्धा मिलिलिटर, डाव्या दंडाच्या वरच्या स्नायूत. लशीचा बॅच नंबर वहीत लिहिला, फ्रिजचं तापमान सकाळी ४ अंश होतं, तेही लिहिलं. ही सवय पुढे उपयोगी पडली.

बारा मिनिटं, मग पाच मिनिटं

लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचा नियम आहे. माणसं कंटाळतात, पण मी सोडत नाही. ११.१७ ला रिसेप्शनवरच्या मुलीने हाक मारली. बाई बाकावर पांढऱ्याफटक पडल्या होत्या, कपाळावर घाम, "मळमळतंय" म्हणत होत्या. आम्ही दोघांनी धरून त्यांना तपासणीच्या पलंगावर आडवं केलं. नाडी ७२. रक्तदाब ८८/५६. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत. छाती साफ.

माझ्या डोक्यात आलं ते असं: भोवळ. सुई टोचल्यावर काही जणांची नाडी मंदावते, दाब उतरतो, माणूस पडतो, आडवं केलं की दोन-तीन मिनिटांत परत येतो. शाळेतल्या लसीकरणात तर एक पोरगी पडली की तिच्यामागे रांगेतल्या चार पडतात. मी पाय उंच केले, पंखा मोठा केला, काकांना "काही नाही, घाबरू नका" म्हटलं आणि वाट पाहिली.

ही वाट पाहणं हीच माझी चूक. तिची कारणं आता सुटी सुटी दिसतात. भोवळ बहुधा सुई बघून किंवा टोचल्या टोचल्या येते. इथे बारा मिनिटं गेली होती आणि मधल्या वेळात बाई शेजारणीशी लोणच्याच्या कैऱ्यांचा भाव बोलत होत्या. भोवळ जास्त करून तरुण पोरांना येते. बाईंनी आयुष्यात कितीतरी इंजेक्शनं घेतली, डोळा लववला नाही. आणि भोवळीत नाडी मंद होते, पन्नास, पंचेचाळीस. बाईंची ७२ होती, म्हणजे मंद नव्हती. जोरातही नव्हती. त्या 'जोरात नाही'ने मला फसवलं. अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या शरीराला एकदम ग्रासणारी जीवघेणी अ‍ॅलर्जी, असती तर दाब इतका पडल्यावर हृदय एकशेवीसने धावायला हवं होतं, असं मी धरून चाललो.

पण बाई रोज मेटोप्रोलॉल घेत होत्या. ते बीटा ब्लॉकर, त्याचं कामच हृदयाला धावू न देणं. संकटात शरीर अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं, पण हृदयावर ते जिथे बसायचं तिथे गोळी आधीच ठाण मांडून बसलेली. त्यामुळे दाब ८८ वर आलेला असताना नाडी मात्र एखाद्या शांत माणसासारखी चालत होती. ही गोळी मीच लिहून दिलेली, नऊ वर्षं.

११.२० ला बाई तळहात पलंगाच्या कडेला घासायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "खाज सुटलीय, आणि पोटात कळ येतीय." आवाज जरा घोगरा झाला होता. दाब पुन्हा घेतला: ८०/५०. आडवं करूनही दाब खाली जातोय, तळहात खाजतायत, पोट आवळतंय, आवाज बदललाय. पुरळ अजूनही नव्हतं. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये दहापैकी आठ-नऊ जणांना त्वचेवर काहीतरी दिसतं. उरलेल्या एक-दोघांना काहीच दिसत नाही, आणि त्यांचंच निदान चुकतं.

तोवर आमच्या सिस्टरने सवयीने एव्हिल (अ‍ॅलर्जीचं) आणि डेक्सा (स्टेरॉइड) यांच्या अ‍ॅम्प्यूल फोडून ठेवल्या होत्या. आपल्याकडच्या दवाखान्यांत 'रिअ‍ॅक्शन' हा शब्द उच्चारला की हात आपोआप त्या दोघांकडे जातो. खाजेला एव्हिल ठीक आहे, पण पडलेला दाब ते उचलत नाही, सुजणारा घसा उघडत नाही. डेक्सा तर तासांनी काम करतं. या वेळी जीव वाचवणारं औषध एकच, अ‍ॅड्रेनॅलिन, आणि तेही मांडीत. दंडात नाही, कातडीखाली नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. एक मिलिलिटरच्या अ‍ॅम्प्यूलमध्ये एक मिलिग्रॅम असतं. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त अर्धा. ११.२२ ला अर्धा मिलिलिटर दिलं.

सिस्टर हळूच म्हणाल्या होत्या, "सर, बाई हार्टच्या गोळ्यांवर आहेत." भीती रास्त आहे. पण अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये अ‍ॅड्रेनॅलिन देऊच नये असा रुग्ण नसतो. न दिल्याने माणसं दगावतात.

लगेच १०८ ला फोन, ऑक्सिजन, हाताला मोठी सुई लावून सलाईन धो धो. सहा मिनिटांनी दाब ८४. जेमतेम हलला होता. बीटा ब्लॉकरवरच्या माणसाला अ‍ॅड्रेनॅलिन कमी लागू पडतं. तरीही नाही चाललं तर ग्लुकॅगॉन शिरेतून द्यावं लागतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. छोट्या दवाखान्यात ते बहुधा नसतंच. ११.२८ ला मांडीत दुसरा डोस. या वेळी पाच मिनिटांत दाब १०४, बाईंनी डोळे नीट उघडले आणि उठून बसायला लागल्या. मी अक्षरशः दाबून धरलं. अशा वेळी माणूस एकदम उभा राहिला तर हृदयाकडे परतणारं रक्त तुटतं आणि बरा होत आलेला रुग्ण त्या क्षणी जाऊ शकतो. गाडीत चढवतानाही आडवंच ठेवायचं, हे मला गाडीतल्या डॉक्टरांना सांगावं लागलं नाही, त्यांनीच स्ट्रेचर आत आणला.

रुग्णालयात बाई २४ तास देखरेखीखाली होत्या. अ‍ॅनाफिलॅक्सिस काही जणांत काही तासांनी परत उसळतो, म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी सोडत नाहीत. बाईंना उसळला नाही.

१२.४० ला तिथल्या डॉक्टरांनी माझ्या विनंतीवरून रक्ताचा एक नमुना घेतला, ट्रिप्टेजसाठी. अ‍ॅलर्जीच्या झटक्यात ज्या पेशी फुटतात त्यांतून हे रसायन सांडतं. झटक्यानंतर तास-दोन तासांत ते सगळ्यात जास्त सापडतं, मग ओसरतं. दुसरा नमुना बाई पूर्ण बऱ्या झाल्यावर घेतला. पहिला २७, दुसरा ४.१. नेहमीच्या आकड्याची १.२ पट आणि वर २, इतक्याहून झटक्यातला आकडा जास्त असेल तर त्या पेशी खरंच फुटल्या असं धरतात. बाईंच्या बाबतीत ती रेष ६.९ वर होती. म्हणजे भोवळ नाही, घाबरणं नाही, खरा अ‍ॅनाफिलॅक्सिस. कशाने, हे मात्र ट्रिप्टेज सांगत नाही.

गल्लीतलं निदान

गल्लीला ट्रिप्टेजची गरज नव्हती. लस घेतली, बाई पडल्या, संपलं. त्यातच काकांचा दंड रात्री ठणकला, सकाळी अंग कणकणलं, ताप ९९.८. दोन दिवसांत ते खडखडीत झाले. लशीनंतर दंड दुखणं, बारीक ताप, अंग मोडून येणं हे नेहमीचंच, शरीर लशीला ओळखतंय त्याची ती खूण. पण आता त्यालाही 'रिअ‍ॅक्शन' हेच नाव मिळालं होतं. दोघांना एकाच दिवशी! त्या आठवड्यात लशीसाठी नाव नोंदवलेल्या सात जणांनी फोन करून नको म्हणून सांगितलं. एकाने फोनही केला नाही, समोरून जाताना मान वळवली.

काकांचा स्वतःचा सिद्धांत वेगळा होता. "आम्ही जन्मात अंडं खाल्लं नाही, म्हणून हिला बाधलं." ऐकायला पटण्यासारखं आहे, आणि उलटही खरं वाटेल: कधी खाल्लंच नाही तर अ‍ॅलर्जी आहे हे कळणार कसं? पण ज्यांना अंड्याची पक्की अ‍ॅलर्जी आहे अशा माणसांना या लशी देऊन पाहिल्या आहेत आणि त्यांच्यातही गंभीर झटके वाढलेले दिसले नाहीत. अमेरिकेत २०२३-२४ च्या हंगामापासून अंड्याच्या अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी वेगळी खबरदारीही काढून टाकली आहे. तेवढ्या थेंबभर अंशाने बाई इतक्या पडल्या असतील हे मला पटत नव्हतं.

लशीने खरंच अ‍ॅनाफिलॅक्सिस होतो का? होतो. अमेरिकेतल्या २००९ ते २०११ च्या नोंदींत सगळ्या प्रकारच्या लशींचे अडीच कोटींहून जास्त डोस तपासले, त्यांत ३३ झटके लशीमुळे आलेले निघाले. दहा लाखांत साधारण १.३. म्हणजे दुर्मीळ, पण शून्य नाही. माझ्यासमोरची बाई त्या दहा लाखांतली एक असू शकत होती, आणि मी तसंच धरून कागद भरले. रुग्ण दाखल झाला की ती गंभीर घटना ठरते, २४ तासांत कळवायची असते. 'लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना', असा तो शब्दप्रयोग आहे, आणि त्यातल्या 'नंतरची'वर माझा जीव आहे. 'मुळे' म्हणत नाहीत. कारण नंतर ठरतं: लशीतल्या घटकाने, लशीच्या खराब प्रतीने, देण्यातल्या चुकीने, सुईच्या धास्तीने, की निव्वळ योगायोगाने. दवाखान्यांना किंवा रुग्णांना स्वतः कळवायचं असेल तर औषधांच्या दुष्परिणामांसाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे.

प्रत आणि चूक हे दोन मुद्दे वहीनेच निकालात काढले. त्याच बॅचची लस त्या आठवड्यात आणखी अकरा जणांना दिली होती, काकांसकट. कुणालाच असा झटका नाही. धास्ती ट्रिप्टेजने निकालात काढली. उरले दोन.

हाताची गोळी

तिसऱ्या दिवशी मी बाईंच्या घरी गेलो. वही उघडून बसलो आणि म्हटलं, बाई, त्या दिवशी उठल्यापासून लस घेईपर्यंत तोंडात काय काय गेलं ते क्रमाने सांगा. निवृत्त शिक्षिकेला असा प्रश्न फार आवडतो.

"साडेपाचला कोमट पाणी. सहाला चहा. आंघोळ, हरिपाठ, मग बीपीच्या दोन्ही गोळ्या. नऊला दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. दहा-सव्वादहाला ती हाताची गोळी. मग तुमच्याकडेच आलो."

"हाताची गोळी?"

शेजारच्या ताईंनी सांगितलं होतं, लशीने हात ठणकतो, आधीच एक दुखण्याची गोळी टाकून जा. गोळी ताईंनीच दिली होती, स्वतःच्या गुडघ्यांच्या पाकिटातली. बाईंनी पर्समधून चुरगळलेली पट्टी काढली, त्यात तिच्या जोडीची एक गोळी शिल्लक होती. अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. झटक्याच्या साधारण तासभर आधी घेतलेली.

मी विचारलं, अशी गोळी पूर्वी कधी? त्यांना आठवेना. मग सूनबाई आतून म्हणाल्या, "आई, दाढ काढली तेव्हा?" मागच्या वर्षी दाढ काढल्यावर बाईंचे ओठ सुजले होते, अंगभर गांधी उठल्या होत्या. तेव्हाच त्यांना 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' असं सांगितलं गेलं, कारण चिठ्ठीत अ‍ॅमॉक्सिसिलिन होतं, पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. सूनबाईंनी फाईल काढली. चिठ्ठीत अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या खाली दुसरी ओळ होती: अ‍ॅसिक्लोफेनॅक. ती कुणी वाचलीच नव्हती. अ‍ॅलर्जी म्हटलं की आपल्याकडे संशयाची सुई आधी पेनिसिलिनवर जाते, दुखण्याच्या गोळीवर जात नाही. ती तर वाण्याच्या दुकानातही मिळावी इतकी घरातली.

दाढेच्या वेळी अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक. लशीच्या वेळी लस आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक. दोन्हीकडे असलेलं नाव एकच.

एवढ्यावर लशीला निर्दोष सोडणं मला जमलं नाही. दुखण्याच्या गोळ्या आणखी एक खेळ खेळतात: दुसऱ्याच कशाची तरी अ‍ॅलर्जी असली तर तिला त्या चढवतात. एरवी नुसती खाज सुटली असती तिथे माणूस पडतो. म्हणजे लस आणि गोळी मिळूनही हे घडलेलं असू शकत होतं. ही गाठ सोडवायला सहा आठवड्यांनी बाईंना मुंबईतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे पाठवलं. झटक्यानंतर लगेच त्वचेची चाचणी केली तर ती खोटी नकारार्थी येऊ शकते, म्हणून थांबावं लागतं.

तिथे फ्लूच्या लशीचा थेंब आधी त्वचेवर टोचून, मग पातळ करून त्वचेत देऊन पाहिला. काही नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या त्वचेच्या चाचण्याही कोऱ्या आल्या. मग ते तोंडाने, थोडं थोडं वाढवत दिलं. काही नाही. वर्षभर अंगाला चिकटलेला 'पेनिसिलिन' हा शब्द त्या दिवशी खोडला. दुखण्याच्या गोळ्यांसाठी भरवशाची त्वचा-चाचणी नाही. खात्री करायची तर तीच गोळी पुन्हा द्यावी लागली असती, आणि दाब ८० पर्यंत गेलेल्या माणसाला ते कुणी करत नाही. म्हणून उलट बाजूने गेले: नुसतं पॅरासिटामॉल आणि वेगळ्या पद्धतीने काम करणारं एटोरिकॉक्सिब, रुग्णालयात, पायरी पायरीने देऊन पाहिलं. दोन्ही चालली. म्हणजे ताप-दुखण्यासाठी बाईंच्या हाताशी काहीतरी उरलं.

तेव्हा निष्कर्ष सिद्ध झालेला नाही, गाळणीतून उरलेला आहे: अ‍ॅसिक्लोफेनॅकचा अ‍ॅनाफिलॅक्सिस, लस योगायोगाने शेजारी. मी पुरवणी माहिती पाठवली. मेटोप्रोलॉल हृदयतज्ज्ञांच्या सल्ल्याने तीन आठवड्यांत हळूहळू कमी करून बंद केलं, त्याजागी अ‍ॅम्लोडिपिन आलं. ते एकदम बंद करायचं नसतं, धडधड आणि दाब दोन्ही उसळतात.

गल्लीत ही बातमी लशीच्या बातमीइतकी फिरली नाही. शेजारच्या ताई मात्र दोन दिवस बाईंच्या दारात आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बाईच त्यांच्याकडे जाऊन चहा पिऊन आल्या.

पुढच्या मे महिन्यात बाईंनी लस घेतली, या वेळी रुग्णालयात, माझ्या समोर. मी स्वतः नाडी धरून बसलो होतो. ८४, ८६, ८२. अर्धा तास, मग आणखी अर्धा, माझ्या समाधानासाठी. रात्री त्यांचा दंड ठणकला. त्यांनी मीठपाण्याने शेकला.

माझ्या दवाखान्यातल्या लशीच्या कागदावर आता 'कसली अ‍ॅलर्जी आहे का?' याच्या वर एक ओळ आहे: आज सकाळपासून तोंडात काय काय गेलं? बहुतेक जण 'चहा' एवढंच लिहितात. रिसेप्शनवरची मुलगी कागद परत पुढे सरकवते आणि विचारते, "आणि?"